कर्तव्यावर गेलेल्यांच्या मुलांची फी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया चांगलीच झणझणीत होती, दोनदा वाचली. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कर्तव्यावर मरण आलेल्या पोलिसांच्या आणि अग्निशमन जवानांच्या मुलांना अमेरिकेत कॉलेजची फी माफ होते, याचं मी कौतुक केलं. तुमचं म्हणणं असं की आपल्याकडे अशा घराला रोख रक्कम मिळते, अनुकंपेवर नोकरी मिळते, त्यावर फीमाफी म्हणजे खिरापत. मग गुणवत्तेचं काय? आणि गटारात उतरून गुदमरणाऱ्या सफाई कामगाराच्या मुलांना कोण विचारतं? शिवाय जाता जाता, माझ्या घरात कोणी पोलीस आहे का, हेही विचारलंत.

सफाई कामगाराचा मुद्दा बिनशर्त मान्य. तो माझ्या लेखात यायलाच हवा होता. पण त्याच्या मुलांना मिळत नाही म्हणून पोलिसाच्या मुलांनाही नको, हे गणित मला जमत नाही.

गुणवत्तेचा इथे संबंधच नाही. प्रवेश आपल्या गुणांवर घ्यायचा, माफ होते ती फक्त फी.

आता रोख रकमेचं. आमच्या ओळखीच्या एका घरातले हवालदार गणपतीच्या बंदोबस्तात छातीत कळ येऊन गेले. थोरला दहा वर्षांचा, धाकटी चारची. पैसे मिळाले, नाही असं नाही. त्यातून कर्ज फिटलं, सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, दिराला धंद्यासाठी हातउसने गेले ते गेलेच. पोलीस लाइनमधली खोली सोडावी लागली, मग भाडं सुरू झालं. धाकटीच्या कॉलेजची पहिली पावती फाटायला तेव्हा चौदा वर्षं होती. इतकी वर्षं कुठली रक्कम टिकते? अनुकंपेची नोकरी घरात एकालाच. थोरला बारावी होताच तिकडे लागला आणि त्याचं कॉलेज राहिलं ते राहिलंच. फीमाफीचं एक बरं असतं, ती दिराला उसनी देता येत नाही.

अमेरिकेतही केंद्राची रोख मदत 1976 पासून होतीच. तरी 1996 मध्ये केंद्रीय पोलिसांच्या कुटुंबांसाठी शिक्षणाची वेगळी मदत आली आणि 1998 मध्ये ती राज्यांच्या आणि शहरांच्या पोलिसांना, अग्निशमन जवानांनाही लागू झाली. मुलांना वयाच्या सत्ताविसाव्या वर्षापर्यंत, पूर्णवेळ शिक्षणाचे जास्तीत जास्त 45 महिने. पती किंवा पत्नीलाही मिळते, हे मला विशेष वाटतं. राज्यांच्या सवलती याहून निराळ्या. इलिनॉयमध्ये तर तुरुंग कर्मचाऱ्यांची मुलंही त्यात येतात.

माझ्या लेखातली खरी उणीव तुमच्या नजरेतून सुटली. सगळं अडतं ते 'कर्तव्यावर मृत्यू' म्हणजे काय, इथे. धावपळीच्या ड्यूटीनंतर चोवीस तासांत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस कर्तव्यावरच गेला असं धरून चालायचं, हे अमेरिकेतही 2003 च्या कायद्याने ठरलं. कामावरच्या आघातातून झालेल्या काही आत्महत्या त्यात यायला 2022 उजाडलं.

आपल्याकडे पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत राज्य पोलिसांची मुलं आली ती 2019 मध्ये. मुलाला महिना 2,500 रुपये, मुलीला 3,000. सगळ्या राज्यांत मिळून वर्षाला नव्या शिष्यवृत्त्या 500, आणि अट अशी की मृत्यू दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात झालेला हवा. म्हणजे आमचे हवालदार बाद. अग्निशमन दल तर यादीतच नाही. 2015 मध्ये काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे चार अधिकारी गेले, त्यात दलप्रमुखही होते. पालिकेची मदत वेगळी. या योजनेत त्यांच्या कामाला जागा नाही.

'खिरापत' या शब्दावरून आठवलं. कर्तव्यावर गेलेल्या सैनिकांच्या मुलांची फी सरकार 1971 च्या युद्धानंतरच्या निर्णयापासून भरत आलं होतं. 2017 मध्ये तिला महिना 10,000 रुपयांची मर्यादा घातली गेली. तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र लिहिलं आणि मार्च 2018 मध्ये ती उठली. पोलीस शिपायासाठी असं पत्र कोण लिहिणार, ते तुम्हीच सांगा.

आणि नाही, माझ्या घरात कोणी पोलीस नाही. ओळखीचं ते एकच घर. धाकटी यंदा दुसऱ्या वर्षाला आहे, फी थोरल्याच्या पगारातून जाते.