खुलासा: ते कब्रस्तान अमेरिकेत नाहीये

‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ या सिनेमाच्या शेवटी दिसतं ते गोल कब्रस्तान न्यू मेक्सिकोत आहे आणि तिथे अमेरिकन यादवी युद्धातले खरे सैनिक पुरलेत, असा मेसेज फिरतोय. तसं नाहीये. गोष्ट तिकडची आहे, पण शूटिंग स्पेनमधलं, बुर्गोस प्रांतात सांतो दोमिंगो दे सिलोसजवळ, आणि १९६६ मध्ये हे कब्रस्तान स्पॅनिश सैनिकांनीच सिनेमासाठी उभं केलं, साधारण पाच हजार थडगी, सगळी रिकामी! नंतर त्यावर गवत माजलं, मग २०१५ पासून हौशी लोकांनी कुदळ-फावडी घेऊन मधला दगडी चौथरा मोकळा केला, त्यावर डॉक्युमेंटरीही आहे, त्यात हे सगळं दिसतं. क्रॉसवरची बरीचशी नावं तर पैसे भरलेल्या फॅन लोकांची आहेत (भारी आयडिया ना). कोणी न्यू मेक्सिकोचं तिकीट काढायच्या आत तो मेसेज पुढे पाठवणं थांबवा प्लीज.