उमेदवारास ज्ञान आहे : होय / नाही

एखाद्याला काम येतं की नाही, हे कळायला फार वेळ लागत नाही. पकड कशी धरली, वायर सोलताना आतल्या तांब्याला चीर पाडली का, स्क्रू आवळून झाल्यावर वायर एकदा ओढून बघितली का, एवढं पाहिलं की पुरतं. पण त्याला त्या कामाचं ज्ञान आहे की नाही, हे ठरवायचं तर एक टेबल, एक छापील तक्ता, एक शिक्का आणि एक परीक्षक लागतो. वीजतंत्री होऊ घातलेल्या मुलांच्या कौशल्य प्रमाणपत्रासाठी नेमलेला तो परीक्षक म्हणजे मी.

तक्त्याचे दोन भाग असतात. पहिला प्रात्यक्षिकाचा. त्याने मला कधी छळलं नाही. दिवा लागला तर लागला. नाही लागला तर परीक्षक आणि उमेदवार दोघांनाही ते एकाच वेळी दिसतं, वादाला जागा नसते. दुसरा भाग ‘आधारभूत ज्ञान’. तिथे काहीच लागत नाही आणि काहीच विझत नाही.

शिवाय त्या रकान्यात ‘याला माहीत आहे’ असं लिहायची सोय नाही. माहीत असणं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते क्रियापद बाद. दिसणारं क्रियापद हवं : ओळखतो, स्पष्ट करतो, तुलना करतो, पडताळतो. १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणाच्या उद्दिष्टांची ज्ञानापासून मूल्यमापनापर्यंत सहा पायऱ्यांची उतरंड मांडली. माणसं भली होती, विचारही चांगला होता. पण पुढे त्या पायऱ्यांवरून क्रियापदांच्या याद्या खाली घरंगळत आल्या आणि त्यांतली एक माझ्या टेबलावर येऊन थांबली. तिच्याबाहेरचं क्रियापद वापरलं की तक्ता परत येतो.

लेखी परीक्षेबद्दल मी फार बोलत नाही. वीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी पाच बरोबर येतात. त्यात प्रश्न काढणाऱ्याला चौथा पर्याय सुचेनासा झाला की तो ‘उघड्या वायरीला ओल्या हाताने स्पर्श करावा’ असलं काहीतरी लिहून मोकळा होतो. असे दोन पर्याय गळले की पाचाचे दहा. आणि बरोबर उत्तरावर कोणी आक्षेप घेऊ नये म्हणून तोच पर्याय इतका काळजीपूर्वक लिहिलेला असतो की तो सगळ्यांत लांब होतो. ‘लांब दिसेल ते बरोबर’ हा नियम मुलांना ओहमच्या नियमाआधी येतो.

खरी मजा, म्हणजे खरा छळ, तोंडी परीक्षेत. एक जात असते घडाघडा बोलणाऱ्यांची. “अर्थिंग का करतात?” विचारलं की, “विद्युत उपकरणाच्या धातूच्या आवरणात गळती झाल्यास...” अशी गाडी सुटते. मध्ये हात दाखवून “आवरण म्हणजे यातलं कोणतं रे?” विचारलं, तर गाडी थांबते, मागे जाते आणि पुन्हा “विद्युत उपकरणाच्या...”पासून निघते. समोरच्या मोटारीकडे तो बघतसुद्धा नाही. मोटार त्याच्या उत्तरात कुठेच नसते.

दुसरी जात गप्प बसणाऱ्यांची. बोर्डाशी असताना हात असे चालतात की बघत राहावं. टेबलासमोर बसवलं की तेच हात मांडीखाली जातात.

आणि तिसरी जात फार हुशार. ती प्रश्न ऐकतच नाही, माझा चेहरा वाचते. (बोर्डात आपोआप पडणारे दोन स्विच असतात : जादा प्रवाह वाहिला की पडते ती एमसीबी, वीज गळायला लागली की पडते ती आरसीसीबी.) “एमसीबी आणि आरसीसीबी यांत फरक काय? शॉकपासून माणसाला कोण वाचवतं?” “एमसीबी, सर.” मी जरासा श्वास घेतो. “नाही, आरसीसीबी.” मी भुवई हलवत नाही. “...दोन्ही?” बर्लिनमध्ये गेल्या शतकाच्या सुरुवातीला हान्स नावाचा एक घोडा होता. गणिताची उत्तरं खूर आपटून द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या अभ्यासकाने दाखवून दिलं, की घोड्याला गणित अजिबात येत नाही. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याच्या अंगात नकळत होणारी बारीकशी हालचाल तो टिपतो आणि थांबतो. हे वाचल्यापासून मी तोंडी परीक्षेला चेहरा बंद करून बसतो. परिणाम एवढाच झाला, की परीक्षक रागावलेले आहेत अशी बातमी बाहेरच्या रांगेत पसरते आणि आत येणारा दारातूनच “सॉरी सर” म्हणतो.

“सहकाऱ्याला शॉक लागला, तो वायरीला चिकटलाय. सगळ्यांत आधी काय करशील?”

अपेक्षित उत्तर : पुरवठा बंद करणे, तोपर्यंत त्याला हात न लावणे.

“सरांना बोलवीन.”

“आणि सरच चिकटले असतील तर?”

पोरगा गंभीरपणे विचार करतो. “दुसऱ्या सरांना.”

आता याला ‘ज्ञान नाही’ म्हणायचं का? यंत्रणा कशी चालते, हे त्याला माझ्यापेक्षा नीट कळलं होतं. मी ‘नाही’वर खूण केली, पण जड हाताने.

मग आला गप्प जातीतला एक. प्रश्न होता : बोर्डाचा पुरवठा बंद आहे याची खात्री कशी कराल? त्याने माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, बोलला काहीच नाही. वेळ संपत आली तेव्हा मी म्हटलं, “राहू दे, करून दाखव.” तो उठला. एमसीबी पाडली, तिला कुलूप घालून किल्ली खिशात टाकली. टेस्टर घेऊन आधी शेजारच्या चालू सॉकेटमध्ये लावला, पेटला. मग बंद बोर्डावर तपासलं, विझलेला. मग पुन्हा त्या चालू सॉकेटमध्ये, पेटला. तेव्हा कुठे स्क्रू-ड्रायव्हर उचलला.

“चालू सॉकेटमध्ये दोनदा कशाला लावलास?”

“सर,” तो पहिल्यांदाच बोलला, “टेस्टरच मेला असला तर?”

पुस्तकात या उत्तराला अर्धं पान लागतं. त्याआधीच्या घडाघडा गड्याने ते अर्धं पान म्हणून दाखवलं होतं आणि टेस्टर खिशातच ठेवून थेट बोर्डात बोट घालायला निघाला होता, मीच ओरडलो. मी ‘होय’वर खूण केली आणि पुराव्याच्या रकान्यात त्याचं उत्तर जसंच्या तसं लिहिलं : ‘टेस्टरच मेला असला तर?’

तक्ता पडताळणीसाठी गेला. परीक्षकावर एक पडताळणी अधिकारी असतो, त्याच्यावर आणखी एक. या संशयाला जुनं कारण आहे. १९१३ मध्ये स्टार्च आणि इलियट या दोघांनी भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तर दोघांनी नव्वदच्या वर गुण दिले आणि एकाने तिसाच्याही खाली. तेव्हापासून परीक्षकावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच आहे.

तक्ता परत आला. शेरा : ‘पुरावा निकषाशी जुळत नाही. भाषा सुधारावी.’ घडाघडा गड्याच्या उत्तरावर मात्र ‘उत्कृष्ट’ लिहून, त्याला प्रात्यक्षिकात नापास का केलं याचा खुलासा मागितला होता. मी यादी काढली, क्रियापद शोधलं आणि नव्याने लिहिलं : ‘उमेदवार मापन-साधनाच्या कार्यक्षमतेची वापरपूर्व व वापरोत्तर खातरजमा करून पुरवठा-विलगीकरणाची सुरक्षित कार्यपद्धती पडताळतो.’ तक्ता त्याच दिवशी मंजूर झाला.

शेवटची सही उमेदवाराची लागते. मुलाला बोलावलं. त्याने कागद दोन्ही हातांत धरून सावकाश वाचला, परत वरपासून वाचला आणि हळूच टेबलावर ठेवून माझ्याकडे सरकवला.

“सर, हे दुसऱ्या कोणाचं तरी आलंय.”