मुदत कधीपासून मोजायची?

आज मावशीला घेऊन वकिलांकडे गेले होते. आल्यापासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय.

चार वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात मावशीची गर्भपिशवी काढली. तेव्हापासून उजव्या कुशीत दुखणं. त्याच डॉक्टरांना दोनदा दाखवलं. "टाक्यांचं आहे, वयही झालंय," म्हणाले आणि गोळ्या दिल्या. मावशी गप्प. पाटावरून उठताना कुशीत मूठ दाबून उठायची तिला सवय लागली. पुढे पुढे आम्हालाही ते दिसेनासं झालं. दिवाळीनंतर पुण्यात सीटी स्कॅन केला. पोटात गॉजचा बोळा!

वकील म्हणाले, ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम 69, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. अहो, पण आम्हाला कळलंच आत्ता! तर म्हणे, इजा आत लपलेली असेल तर कळल्यापासून मोजतात. पण समोरची बाजू विचारणारच, दुखत होतं ना, मग इतके दिवस काय केलंत?

आणि त्यांनी गोव्याच्या एका सरकारी नर्सची केस सांगितली. 1993 मध्ये मुंबईत खड्यांचं ऑपरेशन, मग नऊ वर्षं दुखणं. 2002 मध्ये दुसऱ्या ऑपरेशनला पोटातून गॉज निघालं. 2004 मध्ये तक्रार केली आणि 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, मुदत संपली. तुम्ही अनुभवी नर्स, इतकं दुखत असताना आधीच तपासायला हवं होतं.

तिला नर्स असल्याचं ऐकवलं. माझी मावशी चौथी शिकलेली. तिला काय ऐकवणार? डॉक्टर म्हणाले टाक्यांचं आहे, तिने मान डोलावली. आपल्याकडे डॉक्टरांना उलट प्रश्न कोण विचारतं? ज्यांनी बोळा आत ठेवला त्यांच्याच शब्दावर ती विसंबली, आणि ते दिवसही तिच्याच खात्यावर मांडायचे? संताप होतो नुसता.

मुदत असावी, मान्य. वीस वर्षांनी कुणी डॉक्टरला कोर्टात खेचू नये. आणि डॉक्टरांवर हात उचलणाऱ्यांची बाजू मी कधीच घेणार नाही.

पण पुढचं ऐका. दवाखान्यात केसपेपर मागायला गेलो, तर "तीन वर्षांच्या वरचे ठेवत नाही." मेडिकल कौन्सिलच्या, डॉक्टरांसाठीच्या 2002 च्या नियमांत भरती पेशंटचे कागद तीन वर्षंच ठेवायला सांगितलेत. त्याच नियमांत, पेशंटने मागितले तर 72 तासांत द्या, असंही आहे. ते मात्र काउंटरवर कुणी सांगत नाही. घरात कुणाचं ऑपरेशन होणार असेल तर डिस्चार्जच्या दिवशीच लेखी अर्ज देऊन सगळे कागद घ्या. हात जोडून सांगते.

आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चार पावत्या आहेत. मावशीने कापडी थैलीत घालून धान्याच्या कोठीमागे जपून ठेवल्या होत्या. त्यातल्या दोन पावत्यांवर त्याच डॉक्टरांचं नाव आणि तारीख आहे. वकिलांनी त्या उजेडात धरून पुन्हा पुन्हा पाहिल्या. "दुखतंय म्हणून ती परत गेली होती, हे यातून दिसतं," म्हणाले. सोमवारी तक्रार दाखल करतोय, सोबत विलंब माफीचा अर्जही.

येताना एसटीत मावशी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरांची मुलगी लहान आहे गं. त्यांना फार त्रास नाही ना व्हायचा?"

मला उत्तर देता आलं नाही. स्टँडवर उतरताना तिने पुन्हा कुशीत मूठ दाबली.