सहकाऱ्याशी एक शब्दही न बोलता एकत्र कोड कसा लिहावा

एकाच कोडवर चौघं काम करत असतील तर त्यांनी अधूनमधून एकमेकांशी बोलावं, असं तुमच्याही डोक्यात कुणीतरी भरवलेलं असणार. ते आधी काढून टाका. गिट आहे ना, कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर! बोलायचं ते कमिट, म्हणजे त्या बदलांच्या नोंदी, बोलतील, आणि कमिटांनी किती बोलायचं ते तुमच्या हातात आहे. पहिल्या कमिटला 'फिक्स' म्हणा, दुसऱ्याला 'फिक्स 2', तिसऱ्याला 'फायनल फिक्स', त्यानंतर नुसतं टिंब. काय बदललं हे ज्याला हवंय तो डिफ, म्हणजे जुन्या-नव्या ओळींतला फरक, बघेल. का बदललं ते डिफमध्ये दिसत नाही हे खरं, पण सहा महिन्यांनी ते तुम्हालाही आठवणार नाही, म्हणजे कुणावर अन्याय नाही.

पूर्वीच्या लोकांचे फार हाल. 1972 मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉकइंड यांनी एससीसीएस हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर केलं, पुढे 1980 च्या दशकात वॉल्टर टिची यांचं तसंच आरसीएस आलं. तिथं एकानं फाईल बदलायला घेतली की तिला कुलूप, बाकीच्यांनी थांबायचं. तो गृहस्थ कुलूप तसंच ठेवून सुट्टीवर गेला की कुणीतरी त्याला गाठून 'बाबा रे, फाईल सोड' म्हणायचं. म्हणजे बोलणं आलंच. मग 2005 च्या एप्रिलमध्ये, लिनक्सचा कोड ज्यात ठेवला जायचा त्या बिटकीपरचा फुकट वापर बंद झाल्यावर, लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं आणि काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच ठेवला. आता सगळ्या इतिहासाची प्रत ज्याच्या त्याच्या मशिनवर. कुणासाठी थांबायला नको, कुणाला विचारायला नको. ज्या लिनक्ससाठी हा खटाटोप झाला, ती मंडळी मात्र आजही पॅच, म्हणजे आपले बदल, ई-मेलनं पाठवतात आणि एकेका ओळीवरून वाद घालतात. त्यांना वेळ असेल.

तर, ब्रांच, म्हणजे कोडची आपली वेगळी वाट, काढा आणि तिच्याकडे मेनचं, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक ब्रांचचं, वारंही फिरकू देऊ नका. रोज सकाळी मेन पुल करून (सर्व्हरवरून उतरवून) आपल्या ब्रांचमध्ये मर्ज केलं (मिसळलं) तर रोज दोन-चार ओळींची कटकट होते. तीच दोन महिने साठवली की एकदाच काय तो सोक्षमोक्ष. रिलीजच्या आदल्या संध्याकाळचा मुहूर्त त्याला उत्तम, कारण तेव्हा सगळे जागे असतात.

त्या संध्याकाळी कॉन्फ्लिक्ट येईल, म्हणजे एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केलेले निघतील. फाईल उघडलीत की डावीकडे तोंड केलेले सात बाण दिसतील. त्यांच्याखाली तुमची ओळ, टाइमआउट 30, म्हणजे 30 सेकंद वाट बघून नाद सोडायचा. मग बरोबरची (=) सात चिन्हं, त्याखाली सहकाऱ्याची ओळ, टाइमआउट 90. शेवटी उजवीकडे तोंड केलेले सात बाण आणि पुढे त्याच्या ब्रांचचं नाव. गिटनं हात टेकलेत. 30 खरे की 90 हे त्याला ठरवता येत नाही, म्हणून दोघांचं म्हणणं त्यानं अदबीनं तुमच्यापुढे ठेवलंय. सहकाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं, की मोठी फाईल असली तर पलीकडचा सर्व्हर मिनिटभर घेतो, म्हणून 90 केलं. पण विचारायचं नाही असं आपलं ठरलंय. एडिटरमधलं स्वतःच्या बाजूचं बटण दाबा. बटणाचाही कंटाळा असेल तर फाईल अॅड करून सरळ कमिट करा. बाण आत राहिले म्हणून गिट आपणहून अडवत नाही. कोड मशिनच्या भाषेत उतरवणारा कंपायलर अडवेल, पण कॉन्फिग (सेटिंगची) फाईल कंपाइल कोण करतो?

रिबेस करत असाल तर आणखी गंमत आहे. तिथं कॉन्फ्लिक्टमधल्या 'अवर्स' (आपलं) आणि 'देअर्स' (त्यांचं) या बाजूंची अदलाबदल होते. रिबेसमध्ये गिट आधी मेनवर जाऊन उभं राहतं आणि तुमचे कमिट एकेक करून तिथं पुन्हा लावतं, त्यामुळे 'अवर्स' म्हणजे मेनवरचं, म्हणजे सहकाऱ्याचं, आणि 'देअर्स' म्हणजे तुमचं. हे ठाऊक नसलेला माणूस छाती पुढे काढून 'अवर्स' निवडतो, स्वतःचंच काम स्वतःच्या हातानं पुसतो आणि मग आठवडाभर सहकाऱ्याकडे संशयानं बघतो. तुम्ही हे आत्ता वाचलंत, तुमची मजा गेली. क्षमस्व.

आणि कॉन्फ्लिक्ट आलाच नाही, तर डोळे मिटून पुश करा, म्हणजे सर्व्हरवर चढवा. समजा, सहकाऱ्यानं एका फंक्शनचं नाव बदललं आणि असतील नसतील ते सगळे कॉल सुधारले. त्याच आठवड्यात तुम्ही दुसऱ्याच फाईलमध्ये त्या फंक्शनला जुन्या नावानं नवा कॉल टाकला. दोघांच्या ओळी एकमेकींना कुठेच भिडत नाहीत. गिट फक्त ओळी जुळवतं, अर्थ लावणं त्याचं काम नव्हे, त्यामुळे मर्ज लोण्यासारखा होतो. मेन लगेच फुटतं, किंवा भाषा पायथॉनसारखी असेल तर ती ओळ चालेपर्यंत गप्प बसतं आणि ग्राहकासमोर फुटतं. मर्जनंतर टेस्ट चालवण्याचा सल्ला कुणी देईल. त्याला सांगा, दोन्ही ब्रांचवर टेस्ट वेगवेगळ्या हिरव्या, म्हणजे पास, होत्या. हे अगदी खरं असतं, म्हणूनच कुणाला उलटून बोलता येत नाही.

रिव्ह्यूची, म्हणजे सहकारी तुमचा कोड तपासतात त्याची, चिंता करू नका. एका ओळीचा बग सुधारताना फाईलभर कोडची मांडणी बदलणारा फॉरमॅटर फिरवून घ्या. टॅबचे स्पेस करा, ओळींची शेवटं विंडोजची असतील तर लिनक्सची करा. एका ओळीचा बदल 1,400 ओळींचा दिसू लागतो. रिव्ह्यू करणारा दोन स्क्रीन खाली जातो, घड्याळ बघतो आणि 'एलजीटीएम' ('मला ठीक दिसतंय') लिहून मोकळा होतो. पाच ओळींच्या पीआरवर (मर्ज करण्याच्या विनंतीवर) याच माणसानं तुम्हाला बारा कॉमेंट टाकल्या असत्या, हे विसरू नका. एकच पंचाईत, पुढे कुणी गिट ब्लेम, म्हणजे कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी कमांड, चालवलं की फाईलभर तुमचंच नाव येतं आणि मूळ लिहिणारे नामानिराळे राहतात. 2019 च्या 2.23 आवृत्तीपासून फॉरमॅटिंगचे कमिट ब्लेममधून वगळायची सोय आहे, पण त्यासाठी ते वेगळे ठेवावे लागतात. वेगळे ठेवायचे तर मग रिव्ह्यू नीट होणार. तुम्हीच ठरवा.

बायसेक्ट हा त्याहून आगाऊ प्रकार. एक चांगला कमिट आणि एक बिघडलेला दाखवला की तो दर वेळी निम्मे बाद करत जातो आणि हजार कमिटांतून दहाएक पायऱ्यांत दोषी कमिटवर बोट ठेवतो. त्यावर उतारा म्हणजे महिन्याचं काम एकाच कमिटमध्ये कोंबणं. बोट तरीही तुमच्यावरच येईल, पण 6,000 ओळींवर ठेवलेलं बोट कुणाच्या काय कामाचं?

पासवर्ड चुकून कमिट झाला असेल तर पुढच्या कमिटमध्ये ती ओळ काढा आणि तो बदलायची तसदी घेऊ नका. जुन्या कमिटमध्ये तो शाबूत राहतो, पण इतिहास वाचतो कोण?

आता शेवटचं हत्यार. तुम्ही पुश केलं आणि 'रिजेक्टेड' आलं, म्हणजे मधल्या वेळात सहकाऱ्यानं काहीतरी टाकलंय. भिडस्त लोक इथं पुल करतात. तुम्ही फोर्स लावा, म्हणजे सर्व्हरवरचं पुसून आपलं ठेवा. कुणी 'फोर्स विथ लीज' वापर म्हणालं तर तेही वापरा. तुम्ही शेवटचं फेच केल्यानंतर (सर्व्हरवरचं नवं काय ते उतरवून घेतल्यानंतर) सर्व्हरवर काही बदललं असेल, तर ते अडवतं. पण एडिटर मागच्या मागे आपोआप फेच करत असेल तर तेही निमूट वाट देतं, आणि वर तुम्ही काळजी घेतल्याचं पुण्य.

थोड्या वेळानं सहकारी येईल, 'माझे कालचे कमिट कुठे गेले?' म्हणेल. इथं मात्र नाइलाजानं एक वाक्य बोलावं लागेल, 'रीसेट हार्ड मार आणि ओरिजिनशी, म्हणजे सर्व्हरशी, जुळवून घे.' त्यानं ऐकलं की कमिट न केलेलं त्याचं आजचं कामही गेलं. कमिट केलेलं मात्र इतक्या सहज मरत नाही. त्याच्या मशिनवरच्या रिफ्लॉगमध्ये, म्हणजे गिटच्या रोजनिशीत, त्याच्या नोंदी राहतात. कुठल्याही ब्रांचला न लागलेल्या अशा नोंदी गिट, सेटिंग बदललेलं नसेल तर, 30 दिवस सांभाळतं. तेवढ्यात कुणी त्याला ही कमांड दाखवली तर तो सगळं परत आणेल, आणि फोर्स पुश त्यालाही येतो. तेव्हा त्यानं आणखी काही विचारायच्या आत रजेचा अर्ज टाका, चांगली 31 दिवसांची.