अल ऐन ‘परवाचा क्लब’ नाही: एका लाडक्या दाव्याला उत्तर

आखाती फुटबॉलचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे केला जातो. संयुक्त अरब अमिरातीतला अल ऐन हा तेलाच्या पैशावर परवा उभा राहिलेला क्लब, 2018 ची क्लब वर्ल्ड कप फायनल त्याला यजमान म्हणून आयती मिळाली आणि 2024 चं आशियाई विजेतेपद त्याने विकत आणलं. 2025 च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या युव्हेंटसने 5-0 आणि मँचेस्टर सिटीने 6-0 ने धुतल्यावर तर या बोलण्याला ऊत आला. एकेक मुद्दा घेऊ.

‘परवाचा क्लब’. स्थापना 1968 ची. अमिरात हा देशच 2 डिसेंबर 1971 ला अस्तित्वात आला, म्हणजे क्लब देशापेक्षा तीन वर्षांनी वडील. तेव्हा हा सगळा टापू ब्रिटिश संरक्षणाखाली होता आणि अल ऐन हे ओमानच्या बुरैमीला खेटून असलेलं, खजुरीच्या बागांचं गाव होतं. स्थानिक खेळाडू, बहरीनहून शिकायला आलेली मुलं आणि कामाधंद्यासाठी आलेले सुदानी यांनी मिळून संघ उभा केला. 1974 मध्ये अल तदामुन हा क्लब त्यात विलीन झाला. आजचा जांभळा रंगही सुरुवातीचा नाही. आधी हिरवा-पांढरा होता, विलीनीकरणानंतर लाल झाला, मग मोरोक्कोतल्या एका मैत्रीपूर्ण स्पर्धेत बेल्जियमच्या आंडरलेख्टचा जांभळा पोशाख पदाधिकाऱ्यांच्या मनात भरला आणि 1977-78 च्या हंगामापासून तो अंगावर आला.

गफलत होते ती दोन तारखांमुळे. अमिरातीची व्यावसायिक लीग 2008-09 मध्ये सुरू झाली आणि क्लबचं हझ्झा बिन झायेद स्टेडियम जानेवारी 2014 मध्ये उघडलं. त्यातलीच एखादी तारीख उचलून लोक तिला क्लबचा जन्म समजतात. प्रत्यक्षात 2025 पर्यंत लीगची 14 विजेतेपदं होती, त्यातली 9 व्यावसायिक लीगच्या आधीची. पहिलं 1976-77 चं.

पैसा आहे का? आहेच, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. अबू धाबीच्या नाह्यान राजघराण्याचा वरदहस्त क्लबवर पहिल्यापासून आहे. पण पैशाने सगळं होतं म्हणणाऱ्यांनी 2003 चं आशियाई विजेतेपद बघावं. आशियाई चॅम्पियन्स लीगची ती पहिलीच स्पर्धा. सेमीफायनलमध्ये चीनच्या दालियान शिदेला घरी 4-2 हरवलं, तिकडे 3-4 हरले, दोन सामने मिळून 7-6 ने निभावलं. फायनलमध्ये थायलंडच्या बीईसी तेरो सासनाविरुद्ध घरी 2-0, बँकॉकमध्ये 0-1. ते दोन्ही गोल सालेम जोहर आणि मोहम्मद ओमर या अमिराती खेळाडूंचे.

आता 2018 चा ‘वशिला’. यजमान देशाचा लीगविजेता म्हणून प्रवेश मिळाला, इतकंच खरं. पण तो सर्वांत खालच्या पायरीवर. युरोप आणि दक्षिण अमेरिकेचे विजेते तेव्हा थेट सेमीफायनलला उतरत, अल ऐनला प्लेऑफपासून खेळावं लागलं. 12 डिसेंबरला न्यूझीलंडच्या टीम वेलिंग्टनविरुद्ध मध्यंतराच्या जरा आधी ते 0-3 ने मागे होते. तिथून 3-3, मग पेनल्टी शूटआउटमध्ये विजय. 15 तारखेला ट्युनिसच्या एस्पेरान्सला 3-0. 18 ला सेमीफायनलमध्ये दक्षिण अमेरिकेचा विजेता, अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी 2-2, पुन्हा एक्स्ट्रा टाइम, पुन्हा शूटआउट. 120, 90, 120: सात दिवसांत 330 मिनिटं. रिव्हरचा हा पहिलाच सामना. 2-2 असताना रिव्हरच्या मार्टिनेसची पेनल्टी क्रॉसबारला लागली, तिथे नशिबाने साथ दिली हे मान्य. शूटआउटमध्ये मात्र अल ऐनच्या पाचही पेनल्टी आत गेल्या आणि शेवटची, रिव्हरच्या एन्झो पेरेसची, गोलरक्षक खालिद ईसाने अडवली. तिन्ही सामने घरच्या मैदानावर झाले, त्याचा फायदा झाला असणारच. पण तो आवाजाचा फायदा. फायनलला रियाल माद्रिदने 4-1 ने हरवलं, तेही लपवायचं कारण नाही.

2024 ‘विकत घेतलं’ हा मुद्दा तर सरळ उलटा आहे. क्वार्टरफायनलला समोर सौदीचा अल नस्र होता: रोनाल्डो, माने, ब्रोझोविच, लापोर्त. घरी 1-0, रियाधला एक्स्ट्रा टाइमनंतर 3-4, आणि शूटआउटमध्ये नस्रच्या तीन पेनल्टी वाया, फक्त रोनाल्डोची आत. सेमीफायनलला सौदीचाच अल हिलाल, ओळीने 34 सामने जिंकून आलेला. याच मालिकेत त्याने नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटीला 2-0 हरवलं होतं, तेव्हा त्या संघाची ताकद आपल्याकडच्या प्रेक्षकांनी डोळ्यांनी पाहिलेली आहे. पहिला सामना 16 एप्रिलला ठरला होता. त्या दिवशी अल ऐनजवळच्या खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254 मिलिमीटर पाऊस कोसळला, सामना एक दिवस पुढे गेला. 17 ला सुफियान रहिमीने 38 मिनिटांत तीन गोल केले आणि 4-2 झालं. परतीच्या सामन्यात 1-2, एकूण 5-4. फायनलला जपानच्या योकोहामा एफ. मारिनोसकडून तिकडे 1-2 हार, मग घरी 5-1. रहिमीचे स्पर्धेत 13 गोल. हा खेळाडू 2021 मध्ये मोरोक्कोच्या राजा कासाब्लांकाकडून आलेला, युरोपातला कोणी बडा तारा नव्हे. त्या वर्षी पैशाचं वजन सौदी क्लबांच्या पारड्यात होतं, आणि अल ऐनने त्यातले दोन बाहेर काढले.

राहिला 2025 चा मार. तिसऱ्या सामन्यात त्यांनी मोरोक्कोच्या वायदादला 2-1 हरवलं, ते कोणी सांगत नाही. पण खरं दुखणं वेगळंच आहे. विजेतेपदानंतर सहा महिन्यांत प्रशिक्षक हर्नान क्रेस्पोला काढलं, मग जार्दिम आले आणि गेले, मग इविच. गतविजेता असून संघ पुढच्या आशियाई स्पर्धेत लीग टप्प्यातच बाद झाला. अल ऐनवर टीका करायची तर या घिसाडघाईवर करा, तिथे आम्हीही तुमच्या बाजूने आहोत.