‘हा सिनेमा नाही, हजेरीपट आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आधी चूक कबूल करतो. मागच्या लेखात मी ‘वन्स अपॉन अ स्टुडिओ’ या डिस्नेच्या लघुपटातली सगळी पात्रं हाताने काढलेली आहेत असं ठोकून दिलं होतं. ते साफ चुकीचं. मिकी, गूफी, सिंड्रेला, पीटर पॅन ही मंडळी हाताने काढलेली आहेत. एल्सा, ओलाफ, मोआना, राल्फ मुळात संगणकावर जन्मली आणि इथेही तशीच वावरतात. तुम्ही स्वतः ॲनिमेशनच्या धंद्यात आहात, त्यामुळे ‘लेखकाला रेंडर (संगणकाने तयार केलेलं चित्र) आणि रेषा यातला फरक कळत नाही’ हा टोमणा वर्मी बसला. लेखात दुरुस्ती केली आहे.

ज्यांनी तो लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डिस्ने कंपनीला १६ ऑक्टोबर २०२३ला शंभर वर्षं पूर्ण झाली. त्यानिमित्त डॅन अब्राहम आणि ट्रेंट कॉरी या दोघांनी जेमतेम नऊ मिनिटांचा लघुपट केला. कॅलिफोर्नियातल्या बरबँकच्या स्टुडिओतली माणसं संध्याकाळी घरी जातात, भिंतीवरच्या चौकटींमधून पात्रं बाहेर पडतात आणि सगळ्यांचा मिळून एक फोटो काढायचं ठरतं. ८५हून जास्त चित्रपट-लघुपटांतली ५४३ पात्रं त्यात आहेत. मी त्याचं तोंड भरून कौतुक केलं. त्यावर तुम्ही लिहिलंत की ही नऊ मिनिटांची जाहिरात आहे, गोष्ट नाहीच, नुसता हजेरीपट आहे, मेलेल्या नटाला पुन्हा कामाला जुंपलंय, आणि आपण मराठी माणसांनी ते बघून डोळे पुसणं म्हणजे अनोळखी माणसाच्या मयताला जाऊन ऊर बडवून घेणं. शेवटचं वाक्य झकास आहे. पटलं नाही, पण झकास आहे.

जाहिरात आहे, यावर वाद घालतच नाही. कंपनी आपली शंभरी साजरी करते, आपल्याच चॅनेलवर, आपल्याच ॲपवर दाखवते, तर ती दुसरं काय असणार? उलट तुमच्या बाजूने आणखी दोन गोष्टी सांगतो, ज्या मी मूळ लेखात लिहायला हव्या होत्या. त्याच वर्षी, २०२३च्या फेब्रुवारीत, या कंपनीने सात हजार नोकऱ्या कमी करणार असल्याचं जाहीर केलं. आणि १ जानेवारी २०२४ला १९२८ सालच्या ‘स्टीमबोट विली’चा अमेरिकेतला स्वामित्वहक्क संपणार होता, म्हणजे तो पहिलावहिला मिकी कुणालाही वापरता येणार होता. ‘हे सगळं कुटुंब आमचं’ असं ठासून सांगायला याहून चांगला मुहूर्त शोधून सापडला नसता.

त्या कुटुंबात ऑस्वाल्ड नावाचा एक ससाही उभा आहे. मिकीच्या आधीचा. १९२८मध्ये तो वॉल्ट डिस्नेच्या हातून गेला, कारण त्याचे हक्क युनिव्हर्सलकडे होते. तो परत आला २००६ साली, आणि कसा? डिस्नेच्या मालकीच्या वाहिनीचा अल मायकल्स नावाचा क्रीडा समालोचक दुसऱ्या वाहिनीला हवा होता, ती युनिव्हर्सलची भावंड कंपनी. समालोचक तिकडे गेला आणि त्या सौद्यात ससा इकडे आला. जिवंत माणसाच्या बदल्यात चितारलेला ससा! जत्रेतल्या बैलांचा व्यवहारसुद्धा याहून सरळ असतो. तेव्हा पात्रं म्हणजे कंपनीची मालमत्ता, हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं.

हजेरीपटाचं म्हणाल तर तो आहेच. ग्रुप फोटो म्हणजे दुसरं काय असतं? आपल्याकडे लग्नात स्टेजवर ‘मुलाकडचे सगळे या’ अशी हाक पडल्यावर जे होतं, तीच या लघुपटाची गोष्ट आहे. कुणी सापडत नाही, कुणी मध्येच बोलत बसतं, लहान पोरं पुढे घुसतात, एक काका शिडीवर चढून पडतो. इथे तो काका गूफी आहे. मात्र मधली तीन-चार मिनिटं नुसती धावपळ आहे, एक विनोद पुरता उमलायच्या आत दुसरा येऊन आदळतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर. कॅमेरा फुटतो तो प्रसंगही फार हमखास. सगळे हिरमुसले, मग गाणं सुरू झालं, मग सगळं जमून आलं. एवढ्या तालेवार स्टुडिओकडून याहून बरी अडचण अपेक्षित होती. मूळ लेखात मी हे गिळलं, कारण त्या रात्री मी भारावलेलो होतो.

पण भारावलो कशाने, ते तुम्ही चुकीचं ओळखलंत.

दुसऱ्यांदा बघताना मिकीच्या बुटांकडे बघा. खऱ्या इमारतीत, खऱ्या फरशीवर, एक सपाट रेषेतला उंदीर चालतोय. त्याचं पाऊल फरशीला टेकलं असं वाटायला हवं, त्याची सावली त्या जागेच्या उजेडाला धरून पडायला हवी, नाहीतर तो तरंगायला लागतो. तुम्हाला हे सांगणं म्हणजे काशीला जाऊन गंगेचं वर्णन करण्यासारखं, पण इतर वाचकांसाठी सांगतो. एका सेकंदाला २४ चौकटी. काटकसर करून एक चित्र दोन चौकटींना पुरवलं तरी सेकंदाला बारा चित्रं, प्रत्येक पात्राची वेगळी. आणि प्रत्येक पात्राची रेषा वेगळ्या काळातली. १९२८च्या मिकीच्या हाताला कोपरच नसतो, तो नळीसारखा वळतो. १९५९ची ‘स्लीपिंग ब्यूटी’ कोनाकोनांची, एखाद्या जुन्या पोथीतल्या चित्रासारखी. १९६१च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये पेन्सिलीची रेघ झेरॉक्सने थेट सेलवर, म्हणजे पारदर्शक तावावर, उतरवली, म्हणून ती कुत्री जरा खरबरीत दिसतात. हे सगळे एकाच चौकटीत उभे करायचे आणि कुणीही दुसऱ्याच्या शैलीत घसरू द्यायचा नाही. एकाच मैफलीत ग्वाल्हेर, किराणा, जयपूर गायचं आणि तान दुसऱ्या घराण्याची होऊ द्यायची नाही, असं काहीसं.

आता हे काम कुणाकडून करून घेतलं ते बघा. याच स्टुडिओने २००४ नंतर हाताने काढलेले चित्रपट जवळपास बंद केले. २००९ला ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ आणि २०११ला ‘विनी द पू’ एवढे दोन काढून पुन्हा कुलूप. २०१३मध्ये हाताने काढणाऱ्या कलाकारांपैकी कितीतरी जणांना घरी पाठवलं. पुढे आठ वर्षांनी जाग आली आणि २०२१मध्ये हाताच्या कामासाठी शिकाऊ उमेदवार घ्यायचं जाहीर केलं. १९९२ साली ‘अलादीन’मधला जिनी ज्यांच्या पेन्सिलीतून आला त्या एरिक गोल्डबर्ग यांनी या लघुपटावरही काम केलंय. म्हणजे ज्या हातांची गरज उरली नाही असं कंपनीने ठरवून टाकलं होतं, त्याच हातांनी कंपनीची शंभरी साजरी करून दिली. तुम्हाला त्यात कंपनीचा गौरव दिसला, मला कंपनीला मारलेली एक सभ्य चपराक दिसली. कदाचित मी जास्तच बघत असेन.

आणि बर्नी मॅटिन्सन. लघुपटाच्या सुरुवातीला एक म्हातारे गृहस्थ एका तरुण मुलीशी दोन शब्द बोलतात आणि इमारतीतून बाहेर पडतात. नट नव्हेत, ते खरोखरच बर्नी. १९५३ साली अठराव्या वर्षी या स्टुडिओत लागले, टपाल आणि निरोप पोचवायच्या खात्यात. कलाशाळेची पायरी न चढता तिथून इन-बिट्वीनर (मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरणारे) झाले, मग ॲनिमेटर, मग स्टोरीबोर्ड, म्हणजे चित्रांतून गोष्ट मांडायचं काम, आणि १९८३चा ‘मिकीज ख्रिसमस कॅरल’ त्यांनी दिग्दर्शित केला. नोकरीला सत्तर वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले होते. २७ फेब्रुवारी २०२३ला, वयाच्या ८७व्या वर्षी ते गेले, सेवेत असतानाच. लघुपट त्यांना अर्पण केलाय. मी जिथे पाघळलो ती ही जागा. आपल्या ओळखीतही असे एक-दोन जण असतात, छापखान्यातले, बँकेतले, एसटीतले, ज्यांना संस्थेच्या फायद्या-तोट्याशी देणंघेणं नसतं आणि तरी त्यांच्यावाचून संस्था डोळ्यासमोर येत नाही.

मिकी वॉल्टच्या तसबिरीसमोर थांबतो त्या प्रसंगाला तुम्ही ‘मालकाच्या फोटोला हार’ म्हणालात. ठीक. पण कान देऊन ऐका. मागे पियानोवर ‘फीड द बर्ड्स’ वाजतं, १९६४च्या ‘मेरी पॉपिन्स’मधलं, वॉल्टचं लाडकं गाणं. शुक्रवारी संध्याकाळी काम आटोपलं की तो गाणं रचणाऱ्या शर्मन बंधूंना बोलावून ते वाजवायला लावायचा. इथे ते रिचर्ड शर्मन यांनीच वाजवलंय, नव्वदी ओलांडल्यावर, वॉल्टच्या कार्यालयातल्या त्याच पियानोवर. सूर हळू आहेत. हार घालणारा माणूस एवढा वेळ घेत नाही.

राहिला रॉबिन विल्यम्सचा, म्हणजे जिनीला आवाज देणाऱ्या त्या दिवंगत नटाचा मुद्दा. इथे मात्र माझी गोची झाली आहे. मूळ लेखात मी लिहिलं होतं की जिनीचा आवाज खरा आहे, ‘अलादीन’च्या वेळच्या न वापरलेल्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला, वारसांच्या परवानगीने, यंत्राने (एआयने) बनवलेला नाही. ते सगळं खरं आहे आणि आजच्या दिवसांत महत्त्वाचंही. विल्यम्सची मुलगी झेल्डा हिने ऑक्टोबर २०२३मध्ये यंत्राकडून वडिलांचा आवाज काढून घेणाऱ्यांवर जाहीर नाराजी व्यक्त केली होती. पण तुमच्या प्रतिक्रियेनंतर मला एक गोष्ट आठवली. ‘अलादीन’ करताना विल्यम्सची अट होती की आपला आवाज माल खपवायला वापरू नये. डिस्नेने ती पाळली नाही असं त्याचं म्हणणं होतं, त्यावरून त्याने कंपनीशी संबंध तोडले आणि पुढे कंपनीच्या माफीनंतरच परत आला. आता हा लघुपट जाहिरात आहे हे वर मीच मान्य करून बसलोय. मग हिशोब कुठे लागतो? वारसांची परवानगी कायद्याला पुरते. त्याला स्वतःला पुरली असती का, यावर मला ठाम बोलता येत नाही. हा मुद्दा तुमचा.

पण ‘आपला काय संबंध’ हे मी सोडणार नाही, कारण संबंध कागदोपत्री आहे. १९५६मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने कार्टून विभाग सुरू केला तेव्हा तिथल्या मुलांना शिकवायला जे आले ते क्लेअर वीक्स डिस्नेत काम केलेले. मिशनरी आईवडिलांच्या पोटी भारतातच जन्मलेले. ‘बॅम्बी’च्या हरणांवर राबलेल्या या माणसाच्या हाताखाली मुंबईत १९५७ साली ‘द बनियन डिअर’ झाला, जातककथेतल्या हरणांवरचा. एका जंगलातली हरणं दुसऱ्या जंगलात आली म्हणा. राम मोहन तिथेच शिकले, आणि भारतातल्या ॲनिमेशनचा निम्मा वंशवृक्ष राम मोहन यांच्यापासून फुटतो. तुम्ही ज्या स्टुडिओत बसता तिथे कुणाला तरी कुणीतरी शिकवलं असेलच, तो दोरा मागे ओढत गेलात तर बरबँक फार लांब लागणार नाही. आणि अगदी आपलंच मूळ हवं असेल तर दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या एकेक चौकट करून नाचवल्याच होत्या. तेव्हा डिस्ने कंपनी जन्मायची होती.

रविवारी दूरदर्शनवर हिंदीत बोलणारी बदकं बघायला आमच्या चाळीत तीन बिऱ्हाडं एका खोलीत जमायची. आमच्याकडचा टीव्ही कृष्णधवल, त्यामुळे त्या बदकांचे सदरे रंगीत आहेत हे मला पुष्कळ उशिरा कळलं. माझा ऊर मी तेव्हाच बडवून ठेवलाय, या मयताला मी अनोळखी नाही.

तरी तुमच्या रागातला खरा भाग मला कुठे सापडला ते सांगतो. परवा आठ वर्षांच्या भाचीला हा लघुपट दाखवला. आई पलीकडे मेथी निवडत होती, तिला एकटा डोनाल्ड ओळखू आला. भाचीला नवी सगळी ओळखू आली आणि जुन्यांबद्दल तिने विचारलं, ‘ही चपटी का आहेत?’ मी समजावलं की ही माणसांनी कागदावर काढलेली, ते पहिले आजोबा दिसले ना, तसल्या माणसांनी. तिने मान डोलावली. शेवटी सगळे इमारतीबाहेर जमले, फोटो निघाला. तिने स्क्रीन थांबवून बोटाने रांगा तपासल्या आणि म्हणाली, ‘मग ते आजोबा कुठेयत फोटोत?’

मी म्हटलं, ते आधीच घरी गेले.