फेसाचा डोंगर आणि बोथट वस्तरा: दोन्ही सल्ले चुकीचे

वस्तऱ्याने दाढी शिकणाऱ्यांसाठी व्हॉट्सॲपवर एक सल्ला फिरतोय: फेस भरपूर फुगवा आणि सुरुवातीला धार कमीच ठेवा, म्हणजे कापणार नाही. दोन्हींत तथ्य नाही.

फुगलेल्या फेसात हवाच जास्त. पातं घसरतं ते साबण आणि पाण्यामुळे. ओला ब्रश साबणावर फिरवून आधी दाट लेप होऊ द्या, मग थेंबाथेंबाने पाणी घालत घोटा. बुडबुडे जाऊन घट्ट दह्यासारखी चकाकी आली की झालं. चिमटीत चोळून पाहा, बोटं सरसर घसरली पाहिजेत. बोअरचं जड पाणी असेल तर फेस लवकर बसतो, कारण त्यातलं कॅल्शियम साबणाचा साका करतं. तिथे साबण थोडा जास्त घ्या.

धारेचं म्हणाल तर बोथट पातं केस कापत नाही, ओढतं. मग हात आपोआप दाबतो आणि तिथेच रक्त येतं. पातं त्वचेशी साधारण ३० अंशांत धरा, दुसऱ्या हाताने कातडी ताणा, पहिल्यांदा वस्तरा केस वाढतात त्या दिशेने फिरवा. पातं धारेच्या रेषेत आडवं सरकलं की कापलंच समजा. आधी फक्त गाल करा. हनुवटीची घाई कशाला?

आणखी एक. सलूनमध्ये बहुधा दिसतो तो अर्धं ब्लेड बदलायचा वस्तरा. त्याला चामड्याच्या पट्ट्यावर घासायची गरजच नसते.